तिसऱ्या कॅसेटची शेवटची चार मिनिटं

बाबा,

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी हुडकेश्वर रोडवरच्या माझ्या दुकानात स्टुलावर बसून ताईच्या लग्नाची तीन नंबरची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो. ताई म्हणजे उमरेडच्या काकांची मुलगी, तुमची सख्खी पुतणी. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी प्रत्येक गोष्ट पूर्ण लिहितो, सवय आहे. वेळही त्यामुळेच नेमकी आठवते. कोणती कॅसेट कधी लावली आणि कधी संपली हे मी वहीत लिहून ठेवतो. लग्न लागलं, सप्तपदी झाली, मंडळी पंगतीला बसली आणि पडदा निळा झाला. दुसऱ्या कोणी तिथेच मशीन बंद केली असती. मी करत नाही. लोक उरलेल्या फितीवर काय काय घेऊन ठेवतात आणि विसरून जातात, म्हणून मी फीत शेवटपर्यंत फिरू देतो. निळा पडदा थोडा वेळ राहिला. मग आपल्या जुन्या घराची भिंत आली, भिंतीवरची ट्यूबलाइट आली, आणि तुमचा आवाज आला. "आता पाह्य. आता साफ येऊन राहिलं."

सोळा वर्षांनी तुमचा आवाज ऐकला आणि मी काय केलं सांगू? हेडफोनची पिन काढून परत लावली. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या फाइलचा आवाज यात मिसळला. चित्रात दोष दिसला की आधी वायर पाहायची, मग कॅसेट, मग हेड, आणि शेवटी स्वतःचे डोळे, हा क्रम तुम्हीच लावून दिलेला. मी क्रमाने गेलो. वायर ठीक होती. कॅसेट ठीक होती. हेड मी आदल्याच दिवशी साफ केले होते. क्रम संपला. फीत तशीच पुढे फिरत होती.

काका दुकानात आले त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. ताई त्यांना घेऊन आली होती. ते दारात चपला काढून उभे राहिले. माझ्या दुकानात कोणी चपला काढत नाही. मी म्हणालो, "आत या ना काका." ते म्हणाले, "येतो गा. पण इथं तुझ्या बापाचा फोटो नाही ना लावला?" फोटो लावलेला आहे, कॉम्प्युटरच्या वर. त्यांनी तो पाहिला, खुर्ची फिरवली आणि फोटोकडे पाठ करून बसले. ताई म्हणाली, "बाबा, आता पुरे करा ना. माणूस जाऊन सोळा वर्षं झाली." काकांनी पिशवीतून धुतलेल्या रुमालात बांधलेली एक सीडी काढली आणि टेबलावर ठेवली. तुम्ही करून दिलेली सीडी. तिच्यावर तुमच्या अक्षरात 'लगन' लिहिलं आहे आणि मी लहानपणी पेनाने ग ची उभी काठी खोडून ते 'लग्न' केलेलं आहे.

काकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या, बाबा. मला वाटतं हे तुम्हाला मीच पहिल्यांदा सांगतो आहे. काका म्हणाले, "फोटो लय आहेत तिचे. पण फोटोत माणूस हालत नाही ना. कन्यादानाले माझ्या बाजूले बसली होती, हातावर पाणी सोडत होती. तेवढं पाह्यचं आहे मले." मी सीडी उजेडात धरली. ती इतकी घासली गेली होती की कुठल्याच मशीनने वाचली नसती. मी सांगितलं की मूळ कॅसेट आईच्या पेटीत असेल, ती लावून पाहतो, पण कन्यादानात पहिल्यापासूनच दोष आहे. "माहीत आहे मले काय आहे ते," काका म्हणाले. "दोष कोणाचा आहे तेही माहीत आहे."

ताईने विषय बदलला. तिची मुलगी शाळेकडून कबड्डी खेळते आणि ताईला तिचे सामने घ्यायला कॅमेरा हवा आहे. "ए कॅमेरावाल्या, मले सांग, मोबाइलनं नाही होत का?" मी म्हणालो की समोर बसलेल्या माणसाला मोबाइल पुरतो, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरगी चढाईला गेली की मोबाइल चित्र नुसतं फुगवतो, जवळ आणत नाही. जवळ आणायचं काम भिंगाचं आहे. डब्यावर झूमचे दोन आकडे असतात, त्यातला लहान खरा असतो, मोठा विकण्यासाठी असतो. ताई म्हणाली, "तुझा बाप अस्साच बोलत होता वं माय," आणि लगेच जीभ चावली. काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी तिला दुकानात जाऊन काय काय करून पाहायचं ते एका कागदावर लिहून दिलं. लिहिताना लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

तुम्ही सीताबर्डीत जुना कॅमेरा घ्यायला गेलात तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तुम्ही पांढरा शर्ट घातला होता आणि मला वाटत होतं कोणाच्या तरी घरी जायचं आहे. तुम्ही कॅमेरा हातात घेता आणि आधी त्याच्या भिंगावर झाकण लावता. दुकानदार म्हणतो, "भाऊ, झाकण लावून काय दिसते?" तुम्ही म्हणता, "अंधारात पांढरा ठिपका दिसला त तो मेलेला ठिपका आहे. मग तो नवरीच्या कपाळावर बी दिसन अन् मुंडावळ्यावर बी दिसन." मग तुम्ही कॅमेरा पांढऱ्या भिंतीवर धरता, कोपरे काळे पडतात का पाहता. मग बल्बवर नेता आणि चित्रातून उभी पांढरी रेघ किती लांब निघते ते बघता. मग ट्यूबलाइटखाली उभे राहता, उजेड थरथरतो का म्हणून. मग मला दारापाशी उभं करता, मध्येच आपला हात भिंगासमोर आणता आणि काढता, आणि कॅमेऱ्याला माझा चेहरा परत सापडायला किती वेळ लागतो ते तोंडाने मोजता. एक, दोन, अडीच. दुकानदार कंटाळून म्हणाला, "कॅमेरा घेऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?" तुम्ही म्हणालात, "सोयरिकीत फसलं तरी निभते गा. यात फसलो त लोकायची लग्नं फसतेत." सगळं दुकान हसलं होतं. दोन वर्षांनी फसलेलं लग्न आपल्याच घरातलं निघालं.

त्या लग्नात मी दहा वर्षांचा होतो, त्यामुळे मला जे आठवतं त्यात पंगत जास्त आहे. पण टोपी-दुपट्ट्याचं आठवतं. काकांनी मांडवात सगळ्या व्याह्यांना, जावयांना, भावकीला एकेक बोलावून मानाची टोपी घातली आणि खांद्यावर दुपट्टा दिला. तुम्ही तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावून ते सगळं घेत होता. यादी संपली. सख्ख्या मोठ्या भावाला टोपी घालायची राहून गेली, कारण तो चित्र घेणारा होता, चित्रात नव्हता. मांडवात दोघं-तिघं कुजबुजले. तुम्ही कॅमेरा तसाच चालू ठेवलात. पंधरा दिवसांनी सीडी दिली तेव्हा कन्यादानाचा पूर्ण भाग आडव्या पट्ट्यांनी कापलेला होता. एक पट्टी चित्राची, एक पट्टी फुटक्या चौकोनांची, पुन्हा चित्राची, अशी वरपासून खालपर्यंत. आवाजसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी येत होता.

दुसऱ्या दिवशी काका उमरेडहून सकाळच्या बसने आले. आत आले नाहीत. अंगणात उभे राहून म्हणाले, "टोपी नाही घातली म्हणून सूड घेतला ना दादा? मांडव सगळा साफ येते, जेवणं साफ येतेत, अन् माझ्या पोरीचं कन्यादानच कसं काय फाटते?" आई आतून "भाऊजी, चहा त घ्या" म्हणत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होतो. तुम्ही म्हणालात, "मशीनचा दोष आहे. अन् मशीन माझी आहे." एवढंच. काका निघून गेले. त्यानंतर उमरेडचं एकही लग्न तुम्हाला मिळालं नाही, आणि आपली अर्धी कामं उमरेडची होती. चार वर्षांनी तुमच्या छातीत कळ आली. काका घाटावर आले होते, पण लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. मी नववीत होतो. दहावीच्या वर्गात मी गेलो नाही.

आता मी परत सोमवारवर येतो, म्हणजे आवाज येण्याच्या आदल्या दिवसावर. जुनी फीत ज्या कॅमेऱ्याने घेतली त्याच कॅमेऱ्यात सगळ्यात बरी चालते, म्हणून मी आईच्या पेटीतून कॅसेटीबरोबर तुमचा कॅमेरासुद्धा काढला. तो मी कधी वापरला नव्हता. विकलाही नव्हता. कॅसेटचं दार उघडलं. आत तो चकचकीत गोल ड्रम, ज्याच्याभोवती फीत गुंडाळून फिरते, आणि ड्रमच्या कडेला केसाएवढे दोन हेड. चित्र लिहायचं काम हे दोघं आळीपाळीने करतात. एकावर कचरा बसला तर तेवढ्या पट्ट्या कोऱ्या राहतात. घेणाऱ्याला हे कळत नाही, कारण डोळ्याला लावलेल्या काचेत चित्र भिंगातून येतं, फितीवरून नाही. तिथे सगळं स्वच्छ दिसतं. ड्रम स्वच्छ होता. पण त्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे काडी सहज पोहोचत नाही, तिथे मी कापसाची काडी फिरवली तर ती लाल होऊन आली. मला वाटलं गंज. दुसरी काडी फिरवली, तीही लाल. मी वहीत लिहिलं, 'मागील कोपऱ्यात गंज, दमटपणामुळे.' ते वाक्य आता माझ्यासमोर आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि एक शब्दही खरा नाही.

मंगळवारी फितीवर पुढे जे आलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यानंतर मी ते अकरा वेळा ऐकलं आहे. चित्रात फक्त भिंत आणि ट्यूबलाइट आहे. तुम्ही कॅमेरा साफ केला होता आणि उरलेल्या फितीवर तपासणी म्हणून भिंत घेत होतात. आई विचारते, "काय होतं मग?" तुम्ही म्हणता, "कुंकू. अन् अक्षतीचा एक दाणा. आतमंधी, ड्रमच्या अंगाले." आई म्हणते, "आतमंधी कोणं टाकलं?" मग तुम्ही म्हणता, "दसऱ्याची पूजा कोणं केली होती?" आणि आई म्हणते, "अरे बाप्पा."

तिथे मी मशीन थांबवली, बाबा. उठून शटर अर्धं ओढलं. बाहेर भाजीची गाडी उभी होती आणि एक बाई मेथीच्या जुडीवरून भांडत होती. मला वाटलं तिनेही हे ऐकलं असेल.

पूजा मी केली होती. त्या दसऱ्याला तुम्ही लग्नाच्या बोलणीसाठी उमरेडला गेला होतात आणि आई पुरणात अडकली होती. ती म्हणाली, "तू कर पूजा, तेवढा मोठा झाला आता." मी पाटावर कॅमेरा मांडला, झेंडूचा हार घातला. तुम्ही दरवर्षी कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून कुंकू लावायचात. मला ते खोटं वाटायचं. पिशवीची पूजा केल्यासारखं. उमरेडच्या घरी हातमाग चालू होता तेव्हा तुम्हीच मला मांडीवर घेऊन दाखवलं होतं की दसऱ्याला मागाच्या खांबाला नंतर, आधी धोट्याला कुंकू, "जिथून सूत जाते तिथं पह्यलं." सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा हाच खरा राबतो. मी विचार केला की कॅमेऱ्यात सूत कुठून जातं? फीत म्हणजे सूत. मी दार उघडलं, तो चकचकीत ड्रम पाहिला, आणि करंगळीने त्याला कुंकू लावलं आणि वर अक्षता ठेवल्या. हात जोडले. दार बंद केलं. मला फार बरं वाटलं होतं, ते आता आठवतं. एखादं मोठ्यांचं काम नीट केल्यासारखं. दसरा ते तुळशीचं लग्न, त्या दिवसांत कोणाकडे लग्न नसतं. कॅमेरा कपाटात राहिला. तुळशीचं लग्न झालं आणि कॅमेरा पहिल्यांदा बाहेर निघाला तो ताईच्या हळदीला. कुंकू हळूहळू सुटत गेलं असेल आणि कन्यादानाला हेडवर जाऊन बसलं असेल, आणि पंगतीपर्यंत फितीनेच घासून काढलं असेल.

हे सगळं मला वीस वर्षं आठवलं नाही असं नाही. पूजा आठवत होती. पट्ट्या आठवत होत्या. त्या दोन गोष्टी एकाच कॅमेऱ्यातल्या आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी, जो लोकांना एका पांढऱ्या ठिपक्यावरून सांगतो की तुमचा कॅमेरा कधी आपटला होता.

मशीन परत चालू केली. आई म्हणते, "भाऊजीले सांगून टाका ना मग. त्यायले वाटते तुम्ही मुद्दाम केलं." तुम्ही म्हणता, "काय सांगू? पोरानं केलं म्हणू? उद्या सगळ्या उमरेडमंधी होईन. जिथं जाईन तिथं म्हणतीन, यानंच ताईचं लगन नासवलं. जलमभर लागन ते लेकराच्या मागं." थोडं थांबून म्हणता, "अन् पूजाच त केली त्यानं. वाईट काय केलं? त्याले सांगू नोको." मग दार वाजतं. कोणीतरी म्हणतं, "बाबा, भूक लागली." तुम्ही म्हणता, "आला का गा? इकडं पाह्य, कॅमेऱ्यात." भिंत सरकते आणि शाळेच्या खाकी चड्डीतला मी समोर येतो, एक मोजा खाली घसरलेला. मी दात काढून हसतो. चित्र इतकं स्वच्छ आहे की शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं. "वा," तुम्ही म्हणता, "कसा साफ येऊन राहिला पाह्य." तिथे फीत संपते.

मी घरी गेलो. आई गहू निवडत होती. मी उभ्या-उभ्याच विचारलं, "आई, कॅमेऱ्यात कुंकू होतं हे तुले माहीत होतं?" तिने वर पाहिलं नाही. "होतं," म्हणाली.

"मग काहून नाही सांगितलं?"

"त्यायनं मना केलं होतं."

"बाबा गेल्यावर त सांगायचं."

"गेल्यावर कसं सांगू? मना करणारा माणूस असता त भांडून सांगितलं असतं." तिने ताट बाजूला सरकवलं. "तुले कुठून समजलं?" मी सांगितलं की फितीवर आवाज आहे. तिचे हात थांबले. "त्यायचा?" ती म्हणाली. "बोलतेत?" आणि लगेच म्हणाली, "मले नको ऐकवू. आज नको." मग गहू निवडायला लागली, पण निवडलेलेच परत निवडत होती.

काका शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एकटेच आले. बाबा, मी दोन पेनड्राइव्ह करून ठेवले होते. एकावर लग्न पंगतीपर्यंत. दुसऱ्यावर शेवटच्या चार मिनिटांसकट. तीन दिवस मी ठरवत होतो आणि ठरत नव्हतं. काका बसले, पुन्हा फोटोकडे पाठ करून, आणि मी पहिला पेनड्राइव्ह लावला. कापलेला. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

कन्यादान आलं. मी त्या भागावर दोन दिवस बसलो होतो. कोऱ्या पट्ट्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवरून भरून पाहिल्या होत्या, त्यामुळे काकू ओळखू येत होत्या, पण पाण्याखालून पाहावं तशा. जे लिहिलंच गेलं नाही ते कोणालाच काढता येत नाही, हे मी काकांना आधी सांगितलं होतं. ते पुढे वाकून पाहत होते. काकूंनी पाणी सोडलं आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि नेमका तिथे चेहरा चौकोनांनी फुटला. काका म्हणाले, "पट्ट्या-पट्ट्या करून टाकल्या तिच्या." रागाने नाही. मला उद्देशूनही नाही. "वीस वर्षं झाले, मले अजून समजलं नाही. माझ्यावर राग होता, ठीक आहे, चुकलो होतो मी. टोपी ध्यानातून गेली होती माझ्या. पण तिनं काय बिघडवलं होतं दादाचं? पंगत बसाच्या पह्यले ताट वाढून तिनं त्याले कॅमेऱ्यापाशी नेऊन देल्लं होतं. सगळ्या मांडवात त्याची आठवण तिलेच होती."

मी पेनड्राइव्ह काढला. काका म्हणाले, "बंद काहून केलं?" मी दुसरा लावला आणि सरळ शेवटावर नेला.

भिंत आली, ट्यूबलाइट आली. तुमचा आवाज आल्याबरोबर त्यांनी खुर्चीचा हात पकडला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पडद्यावरच्या भिंतीकडे पाहत राहिलो, तिथे पाहण्यासारखं काही नाही तरी. शेवटी तो खाकी चड्डीतला पोरगा हसला आणि फीत संपली. काका म्हणाले, "पुन्हा लाव." मी लावली. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्यांदा त्यांनी 'काय सांगू' इथे हात वर केला, जणू तुम्ही समोर आहात आणि ते तुम्हाला थांबवत आहेत.

मग त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारपासून," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दहा वर्षांचा होता ना तू?"

"हो."

"मी शेहेचाळीसचा होतो गा." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "एवढा मोठा माणूस. एकदा आत जाऊन कॅमेरा त उघडून पाहतो ना मी. म्हणतो ना, दाखव दादा, काय झालं ते. अंगणातूनच परत आलो."

चहा आला होता तो त्यांनी घेतला नाही. माझ्यावर ते रागावतील याची मी तयारी करून बसलो होतो, काय बोलायचं ते कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. ते रागावले नाहीत. दोन्ही पेनड्राइव्ह रुमालात बांधले, चपला घातल्या आणि जाताना म्हणाले, "वहिनीले सांगजो, रविवारी येतो घरी. आत येतो म्हणा."

आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली की रविवारी वांग्याची भाजी करते, भाऊजींना आवडते.

बाबा, हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. आईने तुमचा शब्द वीस वर्षं पाळला आणि मी तीन दिवसांत मोडला, हे तिला माहीत आहेच, लिहून दाखवायची गरज नाही. पण एक गोष्ट मी काकांना सांगितली नाही आणि आईलाही माहीत नाही, कारण ती तेव्हा पाण्याला गेली होती. मी बारा वर्षांचा होतो. तान्ह्या पोळ्याला दरवर्षी मी काकांकडे लाकडी बैल घेऊन जायचो, ते बंद झालं होतं. तुम्ही खिडकीपाशी बसून भिंग पुसत होतात. मी समोर उभा राहून म्हणालो, "तुम्ही एका टोपीसाठी सगळं घर तोडलं. सगळ्यांना माहीत आहे तुम्ही मुद्दाम केलं." तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ, आणि मग परत भिंग पुसायला लागलात. म्हणालात, "भाकर झाकून ठेवली आहे. जेवून घे."

मी जेवलो. रागाने एक भाकर जास्तच खाल्ली. टोपलीत किती उरल्या होत्या आणि तुम्ही जेवला होतात की नाही, ते मी पाहिलं नाही.